सात नंबरची हजेरी

दिनकरराव टेंब्यांना आपल्या अकलेचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच फुकटचा नव्हता. ग्वाल्हेरच्या कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायचे. पाटणकर बाजारातल्या त्यांच्या बैठकीत कुणी साधा भाजीचा भाव सांगितला तरी हे विचारणार, "कशावरून?" त्यांच्या पत्नी सुधाताई यांनी या 'कशावरून'ला वीस वर्षं उत्तरं दिली होती, आणि अलीकडे त्या नुसता हात झटकून आत निघून जात.

तर या दिनकररावांची सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे कांकणांची. ती त्यांनी इतक्या पंगतींत सांगितली होती की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या दक्षिणी मंडळींत ती पाठ नसलेला माणूस सापडणं कठीण.

त्याचं असं झालं. १९३५ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की यंदापासून कॉलेजात मुलींनाही घ्यावं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी वर्गात मागच्या बाजूला जागा करून ठेवली, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, दिनकररावांनी क्लबात स्त्रीशिक्षणावर व्याख्यान ठोकलं. पण हुकूम काढायला एक दिवस पुरतो, मुली यायला पुरत नाही. जुलै उजाडला तेव्हा आली ती एकटीच, आणि तीसुद्धा मुलगी नव्हे, एका घरची सून. रिसालदार विश्वासराव मोऱ्यांची.

मोरे म्हणजे दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं जुनं मराठा घराणं. गोषा असा कडक की त्यांच्या घरची बाई टांग्यात बसली तरी चारी बाजूंना पडदे, आणि टांगेवाल्यानं तोंड घोड्याकडे ठेवायचं. पण विश्वासरावांचा एकुलता मुलगा गोविंद रिसाल्यात अधिकारी झाला आणि त्याच्या डोक्यात वेगळंच वारं शिरलं. बायकोला त्यानं घरी शिक्षक ठेवून मॅट्रिक केलं आणि आता इंटरला बसवायचं म्हणून हट्ट धरला. विश्वासरावांनी वर्षभर मुलाशी अबोला धरला, मग मिशा पुसत प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच तीन अटी सांगितल्या. वर्गात सुनेपुढं बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा असेल आणि येण्याजाण्याचं दार वेगळं असेल. तिचं नाव कुणी पुकारणार नाही. आणि तिचा आवाज परक्या पुरुषाच्या कानावर पडणार नाही.

पहिल्या दोन अटी साहेबांनी मान्य केल्या. तिसरीला ते अडले. "ती वर्गात आली आहे की नाही, हे कळायचं कसं? हजेरी पाऊण भरली नाही तर विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही."

"ते तुमचं तुम्ही पाहा," विश्वासराव म्हणाले. "आमच्या घरची बाई परक्याला ओ देणार नाही. बिलकुल नाही."

हजेरी दिवसातून एकदाच व्हायची, पहिल्या तासाला, आणि तो तास दिनकररावांचा. म्हणून तेही तिथं बसलेले होते. ते हसून म्हणाले, "रिसालदारसाहेब, ओ कशाला द्यायला हवी? मी नाव नाही, नंबर पुकारेन. सात नंबर म्हटलं की त्यांनी हातातली कांकणं दोनदा वाजवावी. झाली हजेरी!"

साहेब मोठ्यानं हसले. विश्वासरावांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. घराणं राहिलं, गोषा राहिला, कॉलेजचाही नियम राहिला. दिनकरराव त्या दिवशी घरी आले ते शीळ घालतच.

आणि युक्ती चालली! रोज सकाळी पडद्याचा टांगा मागल्या गल्लीत थांबायचा, मोऱ्यांची जुनी मोलकरीण अनसूयाबाई सुनेला बाजूच्या दारानं आत न्यायची आणि दोघी चिकामागं बसायच्या. चिक असा विणलेला की आतून बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरून आत काही दिसू नये. दिनकरराव "सात!" म्हणायचे, मागून कांकणं दोनदा वाजायची, पन्नास पोरं खाली माना घालून हसायची, आणि वहीत हजर पडायचं.

कधीकधी तास संपल्यावर अनसूयाबाई एक चिठ्ठी आणून द्यायची. प्रश्न विचारायचा तर तेवढीच सोय होती. पहिलीच चिठ्ठी वाचून दिनकरराव चाट पडले. 'सर्व माणसे मर्त्य आहेत हे ज्यांनी प्रथम सांगितले, त्यांनी सर्व माणसे पाहिली होती काय?' ही चिठ्ठी त्यांनी आठवडाभर खिशात बाळगली. बैठकीत येईल त्याला दाखवली. "पन्नास गाढवांत एकाला हे सुचलं नाही," ते सुधाताईंना म्हणाले, "आणि ती पडद्याआडून विचारून राहिली आहे. कशावरून, म्हणते!"

"चला," सुधाताई म्हणाल्या, "तुम्हाला जोडीदार मिळाला. मी सुटले."

नोव्हेंबरात गोविंदला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. वय अठ्ठावीस. दिनकरराव समाचाराला नया बाजारात मोऱ्यांच्या घरी गेले. विश्वासराव ओसरीवर ताठ बसले होते, आल्यागेल्याला नमस्कार करत होते, पण कुणाला ओळखत होते असं वाटत नव्हतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. तेच दिनकररावांना जास्त लागलं. परत येताना त्यांना खरोखर वाईट वाटलं. चांगली मुलगी, चांगली बुद्धी, वाया गेली. वाटेतच त्यांनी मनाशी तिचं कॉलेज संपवून टाकलं. ते कुणाला विचारावं असं त्यांना सुचलंच नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला कशावरून विचारणारा माणूस, पण विधवा झालेली मराठ्याच्या घरची सून कॉलेजात येत नसते, यात विचारायचं काय होतं?

डिसेंबरभर सात नंबर खरोखरच आली नाही. सुट्टीनंतर सहा जानेवारीला कॉलेज उघडलं. दिनकररावांनी सवयीनं "सात!" म्हटलं आणि सवयीनंच थांबले. मागून काही वाजलं नाही.

"सर, वो अब क्या आएगी," कुणीतरी पोरगा म्हणाला.

दिनकररावांनी वहीत गैरहजर मांडली. "सात नंबरचं कॉलेज संपलं," ते म्हणाले. आणि वर्गात जरा सुन्न शांतता पसरली म्हणून ती मोडायला पुढं जोडलं, "सुटली बिचारी. तुम्हाला मात्र सुटका नाही. काढा वह्या." पोरं हसली. मग त्यांनी अनुमानाचा पाठ सुरू केला, आणि तो त्या दिवशी फार रंगला. धूर दिसला की विस्तव आहे असं म्हणता येतं. पण उलटं नाही. धूर नाही म्हणून विस्तव नाही, असं म्हणणारा माणूस फसतो. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. धूर नाही, पण हात लावून पाहा! पोरं पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सात नंबर पुकारणंच सोडलं. सहा झाला की आठ. साताच्या रकान्यात आपोआप रेघ पडत गेली.

जानेवारीच्या शेवटी कॉलेजचं संमेलन झालं. साहेबांनी वार्षिक अहवाल वाचला. त्यात 'स्त्री-विद्यार्थी : एक' असं होतं आणि त्यावर टाळ्याही पडल्या. दिनकररावांनीसुद्धा वाजवल्या. ती एक आता नाही, हे त्यांना त्या वेळी आठवलंही. पण भरल्या सभेत कशाला विरजण घाला, म्हणून गप्प बसले.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा हजेरीची बेरीज झाली. ज्यांची पाऊण भरली नाही अशा चार पोरांची आणि सात नंबरची यादी फळ्यावर लागली, आणि कचेरीतून पालकांना छापील कागद गेले.

कागद गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वासराव मोरे पाटणकर बाजारात दिनकररावांच्या दारात उभे राहिले. फेटा बांधलेला, पण दाढी केलेली नव्हती. दोन-तीन महिन्यांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. काखेत एक वही होती.

"या, या, बसा रिसालदारसाहेब."

"बसायला आलो नाही." त्यांनी कागद पुढं केला. "हा तुमच्याकडूनच आला ना? वाचा."

दिनकररावांनी पाहिलं. सहा जानेवारीपासून छत्तीस दिवस विनापरवानगी गैरहजर. सबब परीक्षेस बसता येणार नाही. "हो, नियमच आहे तसा," ते मऊ आवाजात म्हणाले. "डिसेंबरात अर्ज दिला असता तर..."

"मी नियम विचारून नाही राहिलो. सहा जानेवारीपासून मी स्वतः रोज सुनेला टांग्यात बसवून देऊन राहिलो आहे. स्वतः पडदा लावतो. टांगा जातो, टांगा येतो. तुमचा कागद म्हणतो, ती वर्गात नव्हती." त्यांनी दिनकररावांच्या हातातल्या कागदावर बोट आपटलं. "तर मग छत्तीस दिवस माझ्या घरची सून होती कुठं?"

दिनकररावांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी कागद पुन्हा वाचला.

"काल कागद आला तेव्हा ओसरीवर भाऊबंद बसले होते," विश्वासराव म्हणाले. "त्यांच्यातल्याच एकानं मोठ्यानं वाचला. गोविंदानं जाताना माझा हात धरला होता, म्हणाला, आबा, तिची परीक्षा होऊ द्या. म्हणून मी सगळ्यांच्या विरोधात जाऊन पाठवली. एकच नवी अट घातली, की आता चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद. विधवा बाईनं मास्तरला चिठ्ठ्या पाठवल्या असं कुणी म्हणायला नको. आता भाऊबंद म्हणून राहिले आहेत की बघा, चिठ्ठी बंद केली तर टांगाच दुसरीकडे गेला. अनसूयाबाई शपथा घेते. पण ती आमचीच नोकर. आज संध्याकाळपर्यंत फैसला करा म्हणतात, नाहीतर सुनेला कायमची माहेरी पोचवा. आणि तशी पोचवलेली बाई माहेरी तरी कशी जगेल, ते तुम्हाला सांगायला नको."

"पण मी रोज..." दिनकररावांनी तोंड उघडलं. "रिसालदारसाहेब, आपलं ठरलं होतं ना? त्या आल्या असत्या तर कांकणं..."



विश्वासराव त्यांच्याकडे बघत राहिले. "कसली कांकणं, साहेब?" ते हळूच म्हणाले. "ती तर त्याच दिवशी घरच्या बायकांनी फोडली. माझ्यासमोर."

दोघंही उभेच होते. बाजारात कुणीतरी कल्हईवाला ओरडत गेला. आवाजाची अट घालणारा एक आणि युक्ती काढणारा एक, असे दोन शहाणे पुरुष समोरासमोर उभे होते, आणि बाईच्या हातात कांकणं नसली तर काय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तिला विचारलंत?" दिनकररावांनी कसंबसं विचारलं.

"विचारलं. ती काही बोलली नाही. आतून ही वही पाठवून दिली. आमचं शिक्षण घोड्यावरचं, आम्हाला यातलं काय समजणार. यात तुमचं बोलणं आहे का, तेवढंच सांगा."

वही जाड, हातानं शिवलेली. मराठी अक्षर बारीक आणि सरळ, मधूनमधून इंग्रजी शब्द. प्रत्येक पानावर तारीख. दिनकररावांनी फेब्रुवारीचं पान उघडलं आणि त्यांचाच तास त्यांच्या पुढ्यात आला. त्यांनी दिलेली उदाहरणं, मध्येच सांगितलेला पुण्याचा किस्सा, एका जागी त्यांनी केलेली चूकसुद्धा. तिथं शेजारी छोटंसं प्रश्नचिन्ह होतं. पाठवता न आलेला प्रश्न. ते पानं मागं उलटत गेले. एकही दिवस सुटलेला नव्हता. सहा जानेवारीपाशी येऊन त्यांचा हात थांबला.

पानाच्या अगदी वर, पाठ सुरू होण्याआधी, त्याच बारीक सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'सात नंबरचं कॉलेज संपलं. सुटली बिचारी.' खाली एक रेघ. आणि रेघेखाली पाठ: 'धूर नाही म्हणून विस्तव नाही, असे म्हणता येत नाही. उदा. तापलेला लोखंडाचा गोळा.'

दिनकररावांचे कान तापले. वही मिटावी आणि म्हणावं, हो, माझंच बोलणं आहे, ती वर्गातच होती. तेवढ्यानं भागलं असतं का? भाऊबंद म्हणाले असते, वही काय, कुणाही पोराची उतरवून घेता येते. लोखंडाचा गोळा पन्नास वह्यांत होता. वरची ओळ मात्र कुठल्याच पोरानं लिहून घेतली नसणार. ती लिहायला चिकामागं बसून, आपल्या कानांनी, आपल्याबद्दलच ऐकावं लागलं असणार.

"काय आहे?" विश्वासराव म्हणाले.

दिनकररावांनी ओळ मोठ्यानं वाचली. दाराआड सुधाताई उभ्या होत्या, त्यांनीही ऐकली.

"सुटली?" विश्वासरावांनी विचारलं. "कोण म्हणालं असं?"

"मी."

म्हाताऱ्यानं मूठ वळली. मग सोडली. "चला," ते म्हणाले. "हे माझ्या ओसरीवर येऊन वाचा."

दिनकरराव गेले. तेवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. नया बाजारात मोऱ्यांच्या ओसरीवर सात-आठ फेटेवाले भाऊबंद बसले होते, त्यांच्यासमोर त्यांनी ती ओळ वाचली, कुठल्या तारखेला, कशावरून आणि कुणाबद्दल म्हटली तेही सांगितलं. आणि कांकणांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच न हसता सांगितली. भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण उठून न बोलता निघून गेला, मग दुसरा. संध्याकाळच्या फैसल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

निघताना दिनकरराव आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "वहिनीसाहेब, एक विचारू का? मी रोज सहानंतर आठ म्हणत होतो. तुम्ही रोज ऐकत होता. घरी एका शब्दानं सांगितलं का नाही?"

आत बराच वेळ कुजबूज झाली. मग अनसूयाबाई दारात आली, पदर तोंडाला लावून.

"त्या म्हणतात, मला वाटलं विधवेची हजेरी लावत नसतील."

"असं कसं वाटलं?" दिनकरराव नकळत म्हणाले.

अनसूयाबाई आत गेली आणि परत आली. "त्या म्हणतात, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, लग्नात पुढं येऊ देत नाहीत. तसंच हेही असेल. सरांना मी दिसत नसेन, पण सरांना ठाऊक तर असेलच. म्हणतात, शिकायला बसू देतात एवढं पुष्कळ झालं, सांगायला जावं तर तेही बंद व्हायचं."

दिनकरराव नया बाजारातून पायी घरी आले. त्यांना कुणी नमस्कार केला तो त्यांना दिसला नाही.

आता राहिली परीक्षा. शुक्रवार होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "टेंबे, ही हजेरी तुमच्या सहीची आहे. छत्तीस दिवसांची हजेरी चुकीची आहे असं तुम्ही लेखी द्या, मी तिचं नाव यादीत घालतो. पण उद्याच्या डाकेआधी द्या. यादी एकदा गेली की माझ्या हातात काही नाही."

"देतो," दिनकरराव म्हणाले.

आणि इथं या माणसाचा फार राग येतो. चार ओळींचं काम होतं. मी न बघता, न विचारता, छत्तीस दिवस खोटी हजेरी मांडली, एवढंच लिहायचं होतं. पण दिनकरराव लिहायला बसले आणि शब्द कापू लागले. 'खोटी' नको, 'अनवधानाने सदोष'. 'न विचारता' नको, 'विशिष्ट परिस्थितीमुळे'. व्हाइस-प्रिन्सिपॉलची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती आणि हा कागद दप्तरात कायमचा राहणार होता. भाऊबंदांसमोर बोललेले शब्द वाऱ्यावर जातात, कागद राहतो. शनिवारी सकाळी तिसरा मसुदा फाडला. सुधाताई चहा ठेवून म्हणाल्या, "अजून लिहूनच राहिलात? त्या मुलीनं तुमचं एक वाक्य उतरवायला किती वेळ घेतला असेल हो?" ते चिडले. दुपारी डाक गेली. सोमवारी त्यांनी अतिशय सुरेख, सभ्य, दोन पानी खुलासा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचलाही नाही.

विद्यापीठाला तार केली, पत्र पाठवलं. उत्तर आलं की मुदत संपली, पुढील वर्षी पुन्हा वर्ग करून बसावे.

हे सांगायला दिनकरराव मोऱ्यांकडे गेले. विश्वासरावांनी शांतपणे ऐकलं.

"शुक्रवारी तुमच्या साहेबानं सांगितलं. सोमवारी तुम्ही दिलंत," ते म्हणाले. "तीन दिवस काय करून राहिला होता?"

"शब्द शोधत होतो."

विश्वासरावांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी ती येईल. गोविंदाला शब्द दिला आहे. भाऊबंद बोलतील, बोलू द्या."

"मी काळजी घेईन, रिसालदारसाहेब. आता कांकणांची गरज नाही, मी असं करतो..."

"टेंबेसाहेब," म्हातारा उठून उभा राहिला, "आता नवी युक्ती काढू नका."

जुलैत कॉलेज उघडलं. नवी पोरं, नवी वही. पुन्हा वर्ग करणाऱ्यांची नावं शेवटी लावायची पद्धत, म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी बावन्न नंबर आला. त्यापुढं कचेरीच्या कारकुनानं नुसतं 'मोरे' लिहिलं होतं. मागल्या भिंतीशी तोच चिक होता. दिनकररावांनी आल्याआल्या तिकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं, पण आज त्यांनी येताना मुद्दाम मागल्या गल्लीत जाऊन टांगा पाहिला होता. आणि टांग्याजवळ विश्वासरावही. ते आज स्वतः आले होते आणि आता बाजूच्या दाराशी, वऱ्हांड्यात, काठी टेकून उभे होते.

युक्ती काढू नका म्हटलं होतं, तरी दिनकररावांनी मनाशी एक ठरवलं होतंच. बावन्न पुकारायचंच नाही. उत्तराची अडचण कशाला? टांगा पाहिला आहे, गुपचूप हजर मांडायची. कुणाला कळणार नाही, तिच्यावर पोरं हसणार नाहीत. ही दयाच होती, आणि ती आपल्याला सुचली याचं त्यांना थोडं बरंही वाटत होतं.

"एकोणपन्नास."

"यस सर."

"पन्नास."

"यस सर."

"एकावन्न."

"प्रेझेंट, सर."

दिनकररावांनी बावन्नपुढं हजर मांडलं आणि वही मिटली. "काढा वह्या," ते म्हणाले.

"बावन्न नंबर हजर आहे."

आवाज मागून आला. मोठा नव्हता, जरा घोगरा होता. पण स्पष्ट होता. पन्नास पोरांच्या माना गर्रकन मागं वळल्या. बाजूच्या दाराशी काठी फरशीवर एकदा आपटल्याचा आवाज झाला. दिनकररावांनी तिकडे पाहिलं. विश्वासराव जागचे हलले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

वर्गात कुणी हसलं नाही. दिनकररावांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. बावन्नपुढची खूण पुन्हा पाहिली. मग ते म्हणाले, "हो. मांडली आहे मी."

"न पुकारताच मांडलीत, सर," चिकामागून आवाज आला. "मागल्या वर्षीही न पुकारताच मांडत होतात. सात नंबरही हजर होती."